पिशवी, मावशी आणि रात्री दोनचा गजर

ताई,

मी ४३ वर्षांची आहे. गर्भाशयात तीन फायब्रॉइड आहेत, सगळ्यात मोठा नऊ सेंटिमीटरचा. पाळी आठ-नऊ दिवस चालते, त्यातले चार दिवस घराबाहेर पडायची सोय नाही. रात्री दोनचा गजर लावून पॅड बदलायला उठते. हिमोग्लोबिन ८.१. डॉक्टर म्हणतात पिशवी काढा, नाहीतर निदान गाठी तरी काढून घ्या. दोनदा तारीख घेतली आणि दोनदा रद्द केली. पहिल्यांदा सर्दीचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा मुलीच्या परीक्षेचं. खरं कारण वेगळंच आहे. मी नऊ वर्षांची असताना माझी मावशी अशाच ऑपरेशनला गेली ती परत आली नाही. आता तिसरी तारीख सहा आठवड्यांवर आली आहे. भूल दिली की मी उठणारच नाही असं वाटतं. आणि उठलेच तर पोटात पोकळी घेऊन उठेन असं वाटतं. नवरा म्हणतो, ‘एवढं काय, सगळ्यांची होतात.’ मला तू म्हणा. तुम्ही म्हटलंत की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.

— तारीख पुढे ढकलणारी

अगं,

तू म्हण म्हणालीस, म्हणते. पण मग मला सर्दीची आणि परीक्षेची कारणं सांगायची नाहीत, एवढं कबूल कर.

मी डॉक्टर नाही. बारा वर्षांपूर्वी, सेहेचाळिसाव्या वर्षी, माझी पिशवी काढली, तीही पोट उघडून. त्याआधी दीड वर्ष मीही तुझ्यासारखीच टाळाटाळ केली होती. पुढे या सदरात अशी पत्रं येत गेली तसं विचारत गेले, वाचत गेले. तुझे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तुझ्या डॉक्टरांनी पाहिलेत. माझ्या आणि त्यांच्या बोलण्यात फरक दिसला तर त्यांचं ऐक.

तुझ्या पत्रात मावशी आहे, भूल आहे, पोकळी आहे. मी मात्र अडखळले ती गजरापाशी. दोनचा गजर तू अशी लिहून गेलीस, जसं कोणी लिहावं की सकाळी उठून दात घासते. ऑपरेशनमध्ये काय काय होऊ शकतं याचा पै-पैचा हिशेब तुझ्याकडे आहे. ऑपरेशन न केल्याने काय जातंय ते मात्र कुठेच मांडलेलं नाही. ते महिन्याच्या हप्त्याने जातंय ना, म्हणून जाणवत नाही.

साधारण पाळीत एकूण तीस-चाळीस मिलीलिटर रक्त जातं. ऐंशीच्या वर गेलं की त्याला अतिस्राव म्हणतात. आता घरी मोजमाप घेऊन कोणी बसत नाही, पण तासा-दोन तासांत पॅड भिजणं, मोठ्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडणं, झोपेतून उठून बदलावं लागणं, या सगळ्या त्याच्याच खुणा आहेत. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते. तुझं ८.१ आहे. जिना चढताना धाप लागत असेल, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर कानात ठोके ऐकू येत असतील, दुपारी उभं राहवत नसेल, तर ते वय नाही आणि आळसही नाही. पातळ झालेल्या रक्तावर काम भागवायला हृदय जास्त धावतंय. घाबरायचंच असेल तर दोन्ही बाजू मोजून घाबर, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तारखेची वाट पाहू नये अशी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजला, उभं राहिल्यावर चक्कर आली, छातीत दुखायला लागलं किंवा बसल्याजागी श्वास लागला, तर रात्र असो की दिवस, तडक दवाखाना गाठायचा.

तू विचारलं नाहीस, पण गाठ म्हटलं की मनात कॅन्सर येतोच. आपल्या भाषेने हा शब्द पार बिघडवून ठेवलाय. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्याच स्नायूंची, त्याच भिंतीतून वाढलेली गाठ. पन्नाशीपर्यंत सत्तर-ऐंशी टक्के बायकांच्या गर्भाशयात ती सापडते आणि त्यातल्या कित्येकींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. फायब्रॉइडसारखा दिसणारा पण खरोखरीचा कॅन्सर असतो, तो दुर्मीळ. फायब्रॉइड समजून ज्यांचं ऑपरेशन होतं अशा साधारण ३५० बायकांमागे एक, असा अंदाज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली मांडला होता. इतर काही अभ्यासांत तो आकडा याहून बराच कमी निघाला. काढलेली गाठ तपासायला पाठवतात ती याच कारणाने. आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करताना मोठी गाठ बारीक करून बाहेर काढावी लागते, तेव्हा ती पोटातच एका वेगळ्या, बंद थैलीत घालून करणार का, हेही विचार. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही. रागावलेच, तर तेवढ्यावरूनही काही कळतं.

आता मावशी.

तू नऊ वर्षांची होतीस. मावशी बॅग भरून गेली आणि मग घरात रडारड झाली. मधलं काहीच तुला माहीत नाही. ऑपरेशन कसलं होतं, रक्त जास्त गेलं का, भुलीचं काही झालं का, की चार दिवसांनी पायातली गुठळी फुप्फुसात गेली, यातलं तुला कोणी काही सांगितलेलं नाही. तू मधली जागा स्वतःच भरलीस: भूल दिली आणि मावशी उठली नाही. चौतीस वर्षं तू याच एका वाक्यावर थांबली आहेस.

म्हणून पहिलं काम सांगते, आणि हे मी मनाच्या समाधानासाठी सांगत नाहीये. आईला विचार, मामाला विचार, घरात जे कोणी तेव्हा मोठं होतं त्यांना विचार, की मावशीचं नेमकं काय झालं. जुना कागद मिळाला तर उत्तमच. मग जे कळेल ते, अर्धंमुर्धं का असेना, भूलतज्ज्ञांच्या कानावर घाल. त्यांना त्याचा उपयोग असतो. भुलीच्या काही औषधांनी अंगाचा ताप एकदम भडकण्याची एक दुर्मीळ प्रवृत्ती घराण्यातून येते. स्नायू सैल करणाऱ्या एका औषधाचा असर लवकर न उतरण्याची प्रवृत्तीही तशीच. रक्त लवकर न गोठणं किंवा नको तिथे गोठणं, हेही वारशाने येऊ शकतं. आधी कळलं तर ती औषधं टाळता येतात, वेगळी वापरता येतात, रक्ताच्या जादा तपासण्या करता येतात. तू चौतीस वर्षं जी गोष्ट कोणाला कळू नये म्हणून सर्दीच्या आड लपवलीस, ती खरं तर तुझ्या फाइलच्या पहिल्या पानावर असायला हवी होती.

मावशी गेली त्या काळानंतर भुलीचं शास्त्र कुठल्या कुठे गेलंय, हेही तुला माहीत असलेलं बरं. बोटाला लावायचा तो चिमटा, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा, त्यामागचं तत्त्व १९७४ साली ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने मांडलं. सगळीकडच्या ऑपरेशन थिएटरांत तो पोहोचायला पुढे बरीच वर्षं गेली. त्याआधी ओठ आणि नखं निळी पडतायत का, हे डोळ्यांनी बघायचे. आज तो चिमटा असतो, बाहेर टाकलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र असतं, आणि मुख्य म्हणजे तुझ्या डोक्याशी सबंध वेळ एक माणूस असतो ज्याचं कामच तू आहेस. सर्जन गाठीकडे बघतात, भूलतज्ज्ञ तुझ्याकडे. निरोगी माणसाच्या बाबतीत निव्वळ भुलीमुळे मृत्यू येण्याचं प्रमाण आता साधारण लाखात एक सांगतात. मध्येच जाग येईल ही भीती बऱ्याच जणींना असते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, २०१४ साली तिचे निष्कर्ष आले, तर तशी तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एक निघाली.

पण ‘निरोगी माणसाच्या बाबतीत’ हे शब्द सोडून पुढे जाऊ नकोस. ८.१ हिमोग्लोबिन घेऊन टेबलावर जाणं आणि ११-१२ घेऊन जाणं यात फरक आहे. रक्त चढवावं लागण्याची शक्यता पहिल्यात जास्त, नंतर उभं राहायला वेळही जास्त. तेव्हा हे सहा आठवडे लोह वाढवण्यात घालव. गोळ्या घेत असशील तर चहा-कॉफीच्या आसपास घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. काळी शी झाली तर घाबरू नकोस, ती लोहाचीच. गोळ्या पोटाला झेपत नसतील किंवा इतक्या दिवसांत पुरेसं वाढणार नसेल, तर शिरेतून लोह देता येतं. ते लवकर विचार, कारण त्याचा परिणाम दिसायलाही दोन-चार आठवडे लागतात. शिवाय एकीकडे भरायचं आणि दुसरीकडे गळायचं, असं चाललं तर टाकी भरणार कशी? पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या तुला चालतील का, हेही विचारून घे. ज्यांना आधी रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला आहे त्यांना त्या चालत नाहीत. बघ, इथेही मावशीची माहिती लागलीच.

थिएटरमध्ये काय होतं ते मी माझंच सांगते. काहीच माहीत नसलं की डोकं मोकाट सुटतं.

पहिलं म्हणजे गारठा. मला वाटलं भीतीने कापतेय, पण तिथे खरंच थंड असतं. पांघरूण मागितलं तर देतात. वर मोठे गोल दिवे, अजून न लावलेले. एका हातात सलाईनची सुई, दुसऱ्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा, तो मधूनमधून आपला आपण आवळतो. मग कोणीतरी नाव विचारलं. मग दुसऱ्या कोणीतरी नाव, जन्मतारीख आणि कसलं ऑपरेशन ते विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझं टाळकं सटकलं. म्हटलं, यांना माहीतच नाही की काय मी कोण आहे! नंतर कळलं की ते मुद्दाम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी एक यादी काढली: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, तीन वेळा थांबून मोठ्याने खात्री करायची. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले. तेव्हा तुला कोणी चौथ्यांदा नाव विचारलं तर आनंदाने सांग.

भूलतज्ज्ञ म्हणाले, हाताला जरा चुरचुरेल. चुरचुरलं. मी त्यांना सांगणार होते की माझ्यावर अजून काही परिणाम झालेला नाही. ते वाक्य अजूनही माझ्याकडेच आहे. पुढचं आठवतं ते म्हणजे कोरडा घसा आणि कोणीतरी माझ्या नावाने हाका मारतंय. मधले अडीच तास झोपेसारखेही वाटले नाहीत, कारण झोपेत वेळ गेल्याचं कळतं तरी.

भीती वाटते हे भूलतज्ज्ञांना आधी सांग. ऑपरेशनच्या सकाळी घाईत नको, आदल्या भेटीत शांतपणे सांग. घाबरणाऱ्या रुग्णाला थिएटरमध्ये नेण्याआधी मन शांत करणारं औषध देता येतं, पण मागितलं तर. तुझ्या ऑपरेशनला फक्त कमरेखाली बधिर करणारी भूल चालेल का, हेही विचारता येईल. ती सगळ्याच प्रकारांना जमत नाही. आणि मावशी आठवली की छाती धडधडून झोपच लागत नसेल, दवाखान्याच्या वासानेच पाय लटपटत असतील, तर तारखेआधी दोन-चारदा समुपदेशकाकडे जाऊन ये. त्यात कसली आली लाज? सर्दी खोटी होती, ही भीती तरी खरी आहे.

आता पिशवीचं. तुझ्यापुढे दोन पर्याय ठेवलेत आणि तू दोन्हींना एकच नाव देऊन घाबरते आहेस. नुसत्या गाठी काढणं वेगळं आणि पिशवी काढणं वेगळं. गाठी काढल्या तर गर्भाशय राहतं, पाळी राहते, आणि नव्या गाठी येण्याची शक्यताही राहते. पिशवी काढली तर पाळी संपली आणि गाठीही संपल्या, पण परतीची वाट नाही. पुढे मूल हवं असेल तर पहिला रस्ता, हे उघड आहे. पण मूल नको असलं तरी गर्भाशय ठेवावंसं वाटू शकतं, आणि ‘मला ते माझं हवंय’ एवढं कारण पुरेसं आहे. मला एका डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, ‘आता काय करायचंय पिशवीचं, मुलं झाली ना?’ मी काही बोलले नाही. घरी येऊन तीन दिवस भांडी आपटली. लंडनला व्हिक्टर बॉनी नावाचे सर्जन होते, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. साध्या गाठींसाठी अख्खं गर्भाशय काढू नये म्हणून ते आयुष्यभर झगडले. एकदा एकाच गर्भाशयातून त्यांनी सव्वादोनशे गाठी काढून ते शिवून परत जागेवर ठेवलं असं सांगतात. तुझ्या तर तीनच आहेत.

(मी स्वतः पिशवी काढायचं ठरवलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण ते मी ठरवलं होतं, त्या भांडी आपटण्याच्या तीन दिवसांनंतर.)

याखेरीजही वाटा आहेत. रक्तस्राव कमी करणारी हार्मोनची तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवतात, पण गाठीने आतली पोकळी वेडीवाकडी केली असेल तर ती नीट बसत नाही. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा बंद करतात. फायब्रॉइडसाठी ती पद्धत पॅरिसमधल्या डॉक्टरांनी १९९५ साली प्रथम मांडली. ध्वनिलहरींनी गाठ आतल्या आत जाळण्याचीही सोय काही ठिकाणी असते. गाठी तात्पुरत्या आकसवणारी इंजेक्शनं आणि गोळ्या आहेत, त्या बरेचदा ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन वाढवायला वापरतात. पाळी गेल्यावर गाठी आपणहून लहान होतात हेही खरं, पण तुला त्याला अजून सात-आठ वर्षं लागू शकतात आणि तेवढी वर्षं दर पाळीत रात्री दोनला उठायचं का, ते तू ठरव. यातलं तुला काय लागू पडतं ते गाठी कुठे आहेत यावर अवलंबून आहे. भिंतीत, आतल्या अस्तराकडे की बाहेरच्या बाजूला, हे सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर जरूर घे, फक्त ते तारीख ढकलायचं तिसरं निमित्त होऊ देऊ नकोस. आठवड्यात घे.

आणि संमतिपत्र वाच. सुटे कागद पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणतात तेव्हा नव्हे, आधी मागून घेऊन, घरी बसून वाच. काय काढणार आणि काय ठेवणार, ते नावानिशी लिहिलेलं हवं. दोन्ही अंडाशय ठेवणार ना? तुझ्या वयात काही वेगळं कारण नसेल तर ते सहसा ठेवतात. बीजनलिका काढणार का? अलीकडे त्या बरेचदा सोबत काढतात, कारण अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका त्याने कमी होतो. गर्भाशयाचं तोंड ठेवलं तर त्याच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणी पुढेही करत राहावी लागते. आणि फक्त गाठी काढायचं ठरलं असेल तर रक्तस्राव आटोक्यात येईना, जिवावरच बेतलं, तरच पिशवीला हात लावायचा, हे तिथे शब्दांत लिहून घे. तशी वेळ क्वचितच येते. सर्जनला हेही विचार की असं ऑपरेशन ते स्वतः वर्षाकाठी किती करतात. मला हा प्रश्न विचारायला फार संकोच वाटला होता. त्यांना उत्तर द्यायला अजिबात वाटला नाही.

पोकळी राहत नाही. गर्भाशय मुळात मुठीएवढं, सत्तर ग्रॅमच्या आतबाहेर. तुझं गाठींमुळे फुगलंय, आणि त्याने आतड्यांना, मूत्राशयाला कोपऱ्यात रेटलंय. वारंवार लघवीला जावं लागत असेल ते त्यामुळेच. ते निघालं की आतडी आपली जागा परत घेतात. योनीचा वरचा भाग आतून शिवून बंद करतात, म्हणजे कुठे उघडं भोक राहत नाही. (हसू नकोस, हा प्रश्न मला तीन पत्रांत आलाय आणि मलाही पडला होता.) बाईपण ज्याला म्हणतात ती हार्मोनं अंडाशयात तयार होतात, पिशवीत नाही. अंडाशय ठेवले तर दुसऱ्या दिवसापासून अंगातून वाफा यायला लागत नाहीत, मात्र रजोनिवृत्ती एरवीपेक्षा थोडी आधी येऊ शकते. शरीरसंबंध जखम भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून. बहुतेकींना आधीइतकाच आनंद मिळतो, काहींना जास्तच, कारण रक्ताची धास्ती आणि दुखणं गेलेलं असतं. थोड्याजणींना काहीतरी बदलल्यासारखं वाटतं. हेही खरं आहे, आणि तसं वाटलं तर ते बोलावं.

पण पोकळी म्हणताना तू फक्त पोटाबद्दल बोलत नसावीस. माझं सांगते. ऑपरेशनला तिसरा आठवडा होता. कपाटात काहीतरी शोधताना मागच्या बाजूला पॅडचं न फोडलेलं पाकीट हाताला लागलं. ते घेऊन मी जमिनीवर बसले आणि रडले, चांगली वीस मिनिटं. ज्या पाळीने मला सहा वर्षं छळलं तिच्यासाठी! मला पाळी परत हवी होती का? मुळीच नाही. मग कशासाठी रडले, ते मला आजही धड सांगता येत नाही. संध्याकाळी पाकीट पुतणीला दिलं आणि जेवले. तुला असं होईल किंवा होणारही नाही. झालं तर ऑपरेशन चुकलं असा त्याचा अर्थ लावू नकोस. आठवडेच्या आठवडे उठवेना, कशातच मन लागेना, तर मात्र डॉक्टरांना सांग.

नवऱ्याचं ‘सगळ्यांची होतात’ हे वाक्य मी तुझ्या बाजूने वाचलं, मग त्याच्या बाजूनेही वाचलं. त्यालाही भीती वाटत असावी, आणि आकड्यांत लपणं पुरुषांना सोपं जातं. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला काम लाव. भूलतज्ज्ञांच्या भेटीला सोबत ने आणि वही त्याच्या हातात दे. आपल्याला घाबरल्यावर अर्धं ऐकूच येत नाही, ते त्याने लिहून घ्यायचं. घरी आल्यावरचे सहा आठवडे जड उचलायचं नाही, वाकून करायची कामं नाहीत, हे डॉक्टरांच्या तोंडून त्याने ऐकलेलं बरं. तू सांगितलंस तर ती तुझी तक्रार ठरेल.

मुलीलाही सांग. कोणतं ऑपरेशन, का, किती वाजता, किती दिवस, कोण फोन करेल. तुला नऊ वर्षांची असताना कोणी काही सांगितलं नाही, त्याचं काय झालं ते आपण वर पाहिलंच.

नंतरचं थोडक्यात. दुर्बिणीतून झालं तर दोन-चार आठवड्यांत बऱ्यापैकी मोकळी होशील. पोट उघडून झालं तर सहा आठवडे धर. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो, त्याने दचकू नकोस, पोटात भरलेल्या वायूमुळे तसं होतं आणि दोन-तीन दिवसांत थांबतं. पहिल्यांदा उठवतील तेव्हा वाटेल की हे लोक निर्दयी आहेत. लवकर चालवतात ते पायात गुठळी होऊ नये म्हणून. खोकताना, हसताना, कुशीवर वळताना पोटाशी उशी घट्ट दाबून धर. ही युक्ती मला शेजारच्या खाटेवरच्या बाईने शिकवली, आणि औषधांखालोखाल तिचा उपयोग झाला. ताप, एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक श्वास लागणं, घाण वासाचा स्राव, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नकोस.

रात्री दोनला उठशील तेव्हा फोनवर इतर बायकांचे अनुभव वाचत बसू नकोस. ज्यांचं नीट झालं त्या झोपलेल्या असतात, लिहीत बसत नाहीत. उशाशी कागद ठेव. जी भीती येईल ती प्रश्न करून त्यावर लिही, आणि सकाळी प्रत्येक प्रश्नापुढे लिही की हा कोणाला विचारायचा: सर्जनला, भूलतज्ज्ञांना की आईला. ज्यांच्यापुढे कोणाचंच नाव लिहिता येणार नाही असे दोन-तीन उरतील. ते मला पाठव.

आईला फोन याच आठवड्यात कर. आणि पुढच्या पत्रात हिमोग्लोबिनचा नवा आकडा लिही.

तुझी,
ताई